आंतरजालावरील खेळ आणि त्यांची पुराणे

या विषयावर बोलावयाचे आम्ही कबूल केले तेव्हा आमच्या एका स्नेह्याने कपाळाला हात लावला. "ओझरच्या लोकांसमोर तुम्ही पोरांच्या खेळांवर तासभर बोलणार?" असे ते म्हणाले. परंतु विषय आम्ही निवडलेला नाही. तो येथल्याच एका आजोबांनी आमच्या गळ्यात घातला आहे. कारखान्यात सारी हयात घालवून निवृत्त झालेले हे गृहस्थ आम्हांस म्हणाले, "आमचा नातू रात्री अकरा वाजता संगणकापुढे बसलेला असतो. जेवायला ऊठ म्हटले तर म्हणतो, 'आबा, आत्ता उठता येत नाही, वेशीवर हल्ला आलाय.' कसली वेस आणि कोणाचा हल्ला, एवढे तरी आम्हांला कोणी समजावून सांगेल काय?" प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तर वाटते तितके सोपे नाही.

प्रथम एक गोष्ट बाजूस सारू. पैसे लावून खेळावयाचे जे आंतरजालावरील खेळ, त्यांवर संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये कायदा करून बंदी घातली. ते खेळ आमचा विषय नव्हेत. आम्ही बोलतो आहो ते सोंग घेऊन खेळावयाच्या अद्भुतरम्य खेळांविषयी. त्यांत हजारो माणसे आपापल्या घरी बसून एकाच कल्पित जगात वावरतात. कोणी योद्धा होतो, कोणी मांत्रिक, कोणी वैद्य. या प्रकाराचा उगम १९७४ साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स व डेव्ह अर्नेसन यांनी काढलेल्या 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' या मेजाभोवती बसून खेळावयाच्या खेळात आहे. १९७८ साली इंग्लंडातील एसेक्स विद्यापीठात रॉय ट्रबशॉ व रिचर्ड बार्टल यांनी संगणकावर 'मड' नावाचे असेच जग उभे केले. त्यात चित्र एकही नव्हते, सारे शब्दांचे काम. पुढे 'अल्टिमा ऑनलाइन' (१९९७), 'एव्हरक्वेस्ट' (१९९९) आणि 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट' (२००४) हे मोठे खेळ आले.

या प्रत्येक जगाला स्वतःचा इतिहास असतो. हा डोंगर कोणी फोडला, त्या दोन जमातींचे वैर कशावरून, हा राजवाडा ओसाड का पडला. खेळणारे त्यास 'लोर' म्हणतात. आपण पुराण म्हणू. पुराण आणि कथानक यांत भेद आहे. कथानक म्हणजे तुम्ही आल्यावर जे घडते ते. तुम्ही येण्यापूर्वी जे घडून गेले, ते पुराण.

ओझरकरांस हे समजावयास दूर जावे लागत नाही. या गावाला लोक 'ओझर मिग' म्हणतात. विघ्नहर गणपतीचे ओझर जुन्नरकडे, हे मिगचे. नव्याने आलेला माणूस विचारतो, मिग म्हणजे काय? मग कोणीतरी सांगते की १९६४ साली येथे विमानांचा कारखाना आला आणि मिग विमाने येथे बनू लागली. मिग-२१ हे विमान सप्टेंबर २०२५ मध्ये भारतीय वायुदलातून निवृत्त झाले, तरी गावाच्या नावातून ते काही गेलेले नाही. दोन अक्षरांच्या या शब्दात साठ वर्षांचा इतिहास दडून बसला आहे. ज्याला विचारावेसे वाटेल त्याला तो सापडतो, बाकीचे तिकीट काढून पुढे जातात. उत्तम खेळातील पुराण असेच असते. ते कोणी घोकून घेत नाही. पडक्या वेशीत, तलवारीच्या नावात, एखाद्या थडग्यावरच्या दोन ओळींत ते असते. याउलट वाईट खेळ प्रारंभीच दहा पाने वाचावयास लावतो. उच्चारता न येणारी पन्नास नावे त्यात असतात, आणि खेळणारा ती न वाचताच पुढचे बटण दाबतो. त्यात त्याचा दोष नाही, असे आमचे मत आहे.

आता खरी अडचण पाहा. कादंबरीत नायक एक असतो. या खेळात लाखभर असतात आणि प्रत्येकास सांगितलेले असते की, जगाचा तारणहार तूच. नायकाने राक्षस मारावा, तर काही वेळाने तो राक्षस पुन्हा आपल्या जागी उभा, कारण मागून येणाऱ्यासही त्याला मारावयाचे असते. मग कथानक पुढे सरकणार कसे? पुष्कळ टीकाकारांनी यावरून या खेळांची थट्टा केली आहे. आम्हीही बरेच दिवस त्यांच्याच पक्षाचे होतो. परंतु आपल्या खंडेरावाच्या यात्रेचा विचार करताना आमचे मत पालटले.

मार्गशीर्ष शुद्ध प्रतिपदेपासून षष्ठीपर्यंत मणी आणि मल्ल या दैत्यांशी मार्तंडभैरवाचे युद्ध झाले, मरतेवेळी मणीला पश्चात्ताप झाला आणि देवाने त्यास आपल्यापाशी जागा दिली, ही कथा येथे लहान पोरासही ठाऊक आहे. चंपाषष्ठीला दरसाल ते दैत्य मरतात. गेल्या वर्षी मेलेले यंदा परत कसे आले, असे कोणी विचारले आहे काय? बारागाड्या ओढल्या जातात त्या वेळी 'येळकोट' म्हणणाऱ्या माणसास ती केवळ ताकदीची कसरत वाटत नाही, कारण तिच्यामागे ती कथा उभी असते. कथा काढून घ्या. उरतील ते गाडे आणि धूळ. तेव्हा या खेळांतील कथेला कादंबरीची फूटपट्टी लावणे हीच आमची चूक होती. तिचे नाते यात्रेशी आहे. ती एकदा घडून संपण्यासाठी नसते; ज्याने त्याने येऊन आपल्या हातांनी करावयाची असते.

आपल्याच जिल्ह्यात पेठ-सुरगाण्याकडे बोहाडा होतो, तो ज्यांनी पाहिला असेल त्यांना हे अधिक पटेल. देवादिकांचे आणि दैत्यांचे जड मुखवटे चढवून माणसे रात्रभर संबळाच्या ठेक्यावर नाचत येतात. संवाद फार थोडे. रावण आला हे सांगावे लागत नाही, कारण बघणाऱ्याला रावण आधीपासून ठाऊक आहे. मुखवटा घालणाऱ्याच्या अंगी जे बळ येते ते लाकडातून येत नाही. ते समोर बसलेल्या गावाच्या ठाऊक असण्यातून येते.

मात्र यात्रेत न घडणारी एक गोष्ट या खेळांत क्वचित घडते. तेथे कथा खरोखरच एकदा, न परतण्यासाठी, घडविता येते. १९९९ च्या अखेरीस 'अ‍ॅशरन्स कॉल' हा खेळ निघाला. त्याच्या कर्त्यांनी दरमहा कथा पुढे नेण्याचा परिपाठ ठेवला होता. बेलझारोन नावाचा एक दुष्टात्मा काही स्फटिकांच्या योगे बंदिस्त होता; खेळणाऱ्यांनी ते फोडावेत आणि तो सुटावा, अशी कर्त्यांची योजना. बाकी जगांतून तसे झालेही. परंतु थिसलडाउन नावाच्या सर्व्हरवर खेळणाऱ्यांनी शेवटचा स्फटिक फोडावयाचे नाकारले. इतकेच नव्हे, तर त्याभोवती पहारे बसविले. माणसे झोप सोडून पाळीपाळीने राखण करीत राहिली. अखेर कर्त्यांनाच सोंगे घेऊन आत उतरावे लागले आणि तो पहारा मोडावा लागला. पुढे त्या रक्षकांचे स्मारक त्या जगात उभारले गेले. आपल्याकडे गावाच्या वेशीवर वीरगळ असतो, त्याच जातीचे ते आहे. आबांच्या नातवाची वेस कोणती असते, याचे उत्तर आम्हांस येथे सापडले. ती वेस त्याच्या एकट्याची नसते. तो उठला तर दुसऱ्या कोणाच्या तरी अंगावर भार पडतो. जेवण निवते हे खरेच, आणि त्याच्या आईचा राग आम्हांस योग्यच वाटतो; पण पोरगा खोटे बोलत नव्हता.

दुसरे उदाहरण जपानचे. 'फायनल फँटसी'चा चौदावा खेळ २०१० साली निघाला तो इतका सदोष की, तो मोडून नव्याने बांधण्यावाचून गत्यंतर राहिले नाही. हे काम नाओकी योशिदा यांजकडे आले. दुसरा कोणी असता तर 'दुरुस्तीसाठी बंद' अशी पाटी लावून मोकळा झाला असता. येथे मात्र त्या जगाच्या आकाशातील तांबडा चंद्र कित्येक महिने मोठा होत गेला आणि नोव्हेंबर २०१२ मध्ये तो फुटून त्यातून निघालेल्या महानागाने ते जग जाळले. खेळ त्या क्षणी बंद झाला. ऑगस्ट २०१३ मध्ये नवा खेळ उघडला तेव्हा त्या जगात पाच वर्षे लोटलेली होती. कारखान्याच्या चुकीचा असा प्रलय करून दाखविणे हे सोपे काम नव्हे. आणि ज्यांनी तो पाहिला त्यांना पुढे 'आम्ही त्या रात्री तेथे होतो' असे म्हणता आले.

आमची तक्रार वेगळीच आहे. ही पुराणे कोणाची? मणी-मल्लाची कथा कोणा कंपनीच्या मालकीची नाही. वाघ्या-मुरळीला ती जागरणात सांगण्यासाठी कोणाचा परवाना लागत नाही. 'अ‍ॅशरन्स कॉल' ३१ जानेवारी २०१७ रोजी बंद झाला आणि ज्यांनी तेथे रात्री जागविल्या होत्या, त्यांच्यापुढे अंधार झाला. स्मारकासुद्धा सारे गेले. शिवाय हे सारे परभाषेत. पुण्याच्या 'नॉडिंग हेड्स' या मंडळींनी २०२० साली आपल्या पुराणांच्या आधारे 'राजी' नावाचा खेळ काढला, त्याचे कौतुक झाले आणि ते योग्यच झाले. परंतु तो एकट्याने खेळावयाचा. हजारांनी मिळून राखावयाची वेस त्यात नाही.

हे सारे आम्ही आबांना त्यांच्या ओट्यावर बसून सांगितले. ते ऐकत होते. नातू दारात उभा होता. आबांनी त्याला जवळ बोलावून विचारले, "तो तुमचा राक्षस, त्याला बंदिवान का केला होता रे?" मुलगा म्हणाला, आमचा खेळ निराळा आहे, आमच्यात राक्षस नाही, फितूर झालेला राजपुत्र आहे. मग तो मराठीत सांगू लागला. चारदोन ठिकाणी शब्द अडला, तेथे आबांनी पुरविला. राजपुत्र बापावर का उलटला, हे सांगेपर्यंत दिवेलागण झाली आणि आतून जेवणाची हाक आली. तेव्हा आबाच म्हणाले, "थांबा जरा, वेशीपाशी आलाय तो."