यादीबाहेरचं स्वस्त

माझ्या हातून झालेलं पहिलं मराठी लेखन म्हणजे कविता नव्हे, किराण्याची यादी. सोलापुरात आमचं घर यंत्रमागांच्या खडखडाटात होतं. अब्बा मागावर कामाला जायचे. अम्मीला उर्दू यायचं, मराठी लिहिता यायचं नाही. आणि कोपऱ्यावरच्या अण्णांच्या दुकानात यादी मराठीत लागायची. त्यामुळे चौथीत असतानाच ते काम माझ्याकडे आलं. तूरडाळ अर्धा किलो, गोडेतेल पाव किलो, साखर अर्धा किलो... अम्मी सांगायची, मी लिहायचो. यादी पुरी झाली की अम्मी ती वाचायला लावायची, मनाशी हिशेब करायची आणि म्हणायची, "बेटा, खालच्या दोन ओळी खोड." पुढे कवितेत काय खोडावं, हे मला वेगळं शिकावं लागलं नाही.

अब्बांचा पगार आठवड्याचा, म्हणून आमचा किराणाही आठवड्याचा. शेजारी एक गुरुजी राहायचे. उन्हाळा लागला की त्यांच्या दारात ज्वारीची पोती उतरायची. मला वाटायचं, हे लोक आपल्यापेक्षा किती जास्त खातात! मोठेपणी कळलं, ते जास्त खात नव्हते; तेच धान्य आमच्यापेक्षा कमी पैशांत खात होते. पाव-अर्धा किलो घेणाऱ्याला किलोमागे जास्त मोजावे लागतात. ज्याच्या हातात पैसा कमी, त्यालाच महाग पडतं. बचतीच्या सगळ्या गोष्टी बोलताना हे आधी ध्यानात ठेवायला हवं.

आज सेल, कूपन, 'एकावर एक फ्री' यांच्या पाट्यांनी आपले डोळे दिपतात. पण निसर्गाचा सेल त्याहून जुना आहे. तूर डिसेंबरपासून शेतातून निघू लागते आणि त्यानंतर नवी डाळ बाजारात येते. आमच्याकडची शाळू ज्वारी फेब्रुवारी-मार्चमध्ये, गहू मार्च-एप्रिलमध्ये, लाल मिरचीही उन्हाच्या तोंडावर. आवक जास्त असते तेव्हा भाव सहसा उतरतो. आपल्या आयाबायांची उन्हाळी साठवण, धान्याला कडक ऊन देणं, ज्वारीत कडुनिंबाचा पाला, गव्हाला एरंडेलाचा हात, हे सगळं त्या सेलचा फायदा वर्षभर पुरवण्यासाठीच होतं. त्यासाठी कूपन लागत नव्हतं. लागत होती ती कोरडी जागा आणि हातात रोख रक्कम.

कूपनचा जन्म मात्र दुकानदारीतला. अमेरिकेत १८८७च्या सुमारास कोकाकोलाने फुकट पेल्याची कूपनं वाटली. पहिला पेला फुकट पिणारा दुसरा पेला विकत पिईल, हा त्यामागचा हिशेब. तो हिशेब आजही बदललेला नाही. कूपन ग्राहकाचे पैसे वाचवण्यासाठी नव्हे, ग्राहकाला परत आणण्यासाठी निघतं. आपल्याला परत यायचंच असेल, तर त्यात आपलाही फायदा. नसेल, तर तो कागद आहे.

हे मी पुस्तकात वाचून शिकलो नाही. २०११च्या रमजानमधली गोष्ट. एका मोठ्या दुकानात सेल लागला होता. तीन हजारांच्या खरेदीवर तीनशेचं कूपन. शीरखुर्म्यासाठी शेवया, खारीक, सुकामेवा आणि महिन्याचा किराणा घ्यायला मी आणि पत्नी गेलो. बिल झालं एकवीसशे. मी म्हटलं, "नऊशेसाठी तीनशे का सोडायचे?" ती म्हणाली, "तीनशेसाठी नऊशे का घालायचे?" पण घरात बी.ए. झालेला मी होतो, म्हणून गणित माझं चाललं! शाम्पू, नूडल्स, प्लास्टिकचे डबे घेऊन आकडा भरला. घरी येऊन कूपनची मागची बाजू वाचली. पुढच्या महिन्यातच वापरायचं, किमान दीड हजारांच्या खरेदीवर, आणि धान्य, तेल, साखर सोडून. म्हणजे आमच्या यादीतलं जवळजवळ सगळंच सोडून!

कूपन तसंच पडून राहिलं. महिनाअखेरीला अम्मीची रक्तदाबाच्या गोळ्यांची डबी सहज उघडली, तर प्रत्येक गोळी मधोमध तोडलेली. विचारलं तेव्हा म्हणाली, "ईदचा खर्च दिसत होता. पगार होईपर्यंत पुरवत होते." डॉक्टरांनी तिला सोडून मला सुनावलं, आणि बरोबरच सुनावलं. खालच्या ओळी खोडायची तिची सवय गेली नव्हती. त्या महिन्यात खालच्या ओळीत तिने स्वतःला बसवलं होतं.

तेव्हापासून आमच्या घरात यादी आधी आणि जाहिरात नंतर. महिन्याच्या सुरुवातीला घरात काय शिल्लक आहे ते बघून यादी होते. मग त्या यादीतलं कुठे स्वस्त आहे, ते पाहायचं. यादीत नसलेली वस्तू निम्म्या किमतीत मिळाली, तरी ती निम्मी बचत नसते. तो पुरा खर्च असतो.

आता थोडं पाकिटाविषयी. 'एमआरपीवर तीस टक्के सूट' ही पाटी आपण भक्तिभावाने वाचतो. एमआरपी म्हणजे सर्व करांसह जास्तीत जास्त किंमत. त्यापेक्षा जास्त घेणं बेकायदा, कमीत विकायला मात्र कुणाची मनाई नाही. बहुतेक वस्तूंवर ती सरकार ठरवत नाही, उत्पादक छापतो. म्हणून सूट छापील किमतीवर मोजू नका. कोपऱ्यावरचा दुकानदार तीच वस्तू केवढ्याला देतो, त्यावर मोजा. 'दोनावर एक फ्री' म्हणजे तेहतीस टक्के सूट, 'तीनावर एक' म्हणजे पंचवीस टक्के, आणि तीही सगळी पाकिटं मुदतीत संपली तरच. पावसाळ्यात तिसऱ्या पाकिटातल्या रव्याला जाळी धरली, की फुकटचा रवा महागात जातो.

दुसरी गोष्ट वजनाची. किंमत तीच ठेवून आतला माल कमी करणं, हे बिस्किटाच्या छोट्या पुड्यांमध्ये आपण सगळ्यांनी पाहिलं आहे. यावर उपाय पाकिटावरच आहे. वेष्टित वस्तूंच्या नियमांत २०२१मध्ये दुरुस्ती झाली. त्यानुसार एमआरपीबरोबर ग्रॅम, किलो, मिलिलिटर किंवा लिटरमागे काय दर पडतो, तेही छापावं लागतं. अक्षर बारीक असतं. चष्मा लावा, पण वाचा. शाम्पूची मोठी बाटली स्वस्त असं आपण धरून चालतो. पुष्कळदा लहान पुडीच मिलिलिटरमागे स्वस्त निघते.

तेलाचं तर वेगळंच. एक लिटर खाद्यतेलाचं वजन सुमारे ९१० ग्रॅम भरतं. समजा, लिटरची पिशवी १५० रुपयांना आहे आणि किलोची १६०ला. हात साहजिकच १५०कडे जातो. पण त्या भावाने किलो पडतो सुमारे १६५ला! तक्रार करायची वेळ आली, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहे. बिल मात्र जपून ठेवा.

पण आठवड्याच्या पगारावर जगणाऱ्याने काय करावं? त्याच्याकडे साठवणीची जागा नाही, रोख रक्कम नाही. याचं उत्तर महाराष्ट्राने केव्हाच शोधलं आहे. गिरणगावातल्या नायगावात १९४८मध्ये कामगारांनी सहकारी दुकान काढलं, तेच पुढे 'अपना बाजार' झालं. १९७५मध्ये सुरू झालेल्या मुंबई ग्राहक पंचायतीने शेजारच्या कुटुंबांचे संघ केले. सगळ्यांच्या याद्या एकत्र, खरेदी घाऊक, माल एका घरी उतरवायचा आणि सभासदांनी वाटून घ्यायचा. एकट्याची अर्धा किलो डाळ दुकानदाराला दिसत नाही, चाळीस घरांची वीस किलो दिसते. आमच्या गल्लीतल्या पाच घरांनीही आता तूरडाळ आणि गहू असाच एकत्र आणायला सुरुवात केली आहे. वाटणीच्या दिवशी तराजूभोवती गप्पाही होतात, त्याचे पैसे पडत नाहीत.

अम्मी आज नाही. यादी अजून मीच लिहितो. कूपन मिळालं तर तेही खुशाल वापरतो; मला त्याचं वैर नाही. फक्त यादीची पहिली ओळ आमच्याकडे औषधांची असते आणि ती खोडायची नाही, असा घरात नियम आहे.

(रेडिओवरील भाषणाचा संपादित भाग)