कोळशावर मर्यादा आणि पाड्यावरचा दिवा

भातसानगरला धरणाच्या पायथ्याशी १५ मेगावॉट क्षमतेचे जलविद्युत केंद्र आहे. विद्यार्थ्यांना ते दाखवून परतताना कोणीतरी हमखास विचारतो : पाण्यावर वीज होते, तर मग कोळसा कशासाठी जाळायचा? मागे एका पालकांनी हाच प्रश्न पुढे नेला. कोळशाच्या वायूवर सरकारने मर्यादा घालावी असे म्हणतात. ती घातली तर आमच्या पाड्यावरचा दिवा विझणार नाही ना? त्या दोघांनाही आम्ही तेव्हा घाईघाईने काहीतरी सांगून वेळ निभावली. प्रस्तुत लेख ते राहिलेले उत्तर होय.

विद्यार्थ्याचे उत्तर सोपे आहे. चंद्रपूरच्या औष्णिक केंद्राची क्षमता २,९२० मेगावॉट आहे. तेवढ्यासाठी भातसासारखी जवळजवळ दोनशे केंद्रे लागतील. एका धरणाखाली किती घरे-शेते जातात, हे या परिसराला नव्याने सांगायला नको. शिवाय चंद्रपूर आपल्याला वाटते तितके दूर नाही. तेथून निघालेली उच्चदाब वाहिनी साडेसातशे किलोमीटर ओलांडून आपल्या शेजारच्या पडघ्याला उतरते. तेथे कोळसा जळतो आणि येथे मुंबईच्या परिसरात दिवे लागतात.

आता वायूविषयी. बारा किलो कार्बन जळाला की हवेतील बत्तीस किलो ऑक्सिजन घेऊन चव्वेचाळीस किलो कार्बन डायऑक्साइड तयार होतो. कोळशापासूनच्या एका युनिट विजेमागे हा वायू साधारण एक किलो निघतो. त्याला रंग नाही, वास नाही. म्हणून तो कोणाला घाण वाटत नाही. मात्र तो वातावरणात शतकानुशतके साचून राहतो आणि पृथ्वीची उष्णता अडवून धरतो. राख आणि गंधकाचा धूर ही निराळी दुखणी आहेत. डहाणू तेव्हा आपल्याच ठाणे जिल्ह्यात होते. तेथील ५०० मेगावॉटच्या केंद्राचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. १९९६ साली न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी यांच्या अध्यक्षतेखाली तालुक्यासाठी पर्यावरण संरक्षण प्राधिकरण नेमले गेले आणि पुढे त्या केंद्राला गंधक शोषून घेणारी यंत्रणा बसवावी लागली. चिकूच्या वाड्यांना आणि आदिवासी पाड्यांना त्याचा लाभ झाला. परंतु त्या यंत्रणेने कार्बन अडत नाही. तो कमी करायचा तर कोळसाच कमी जाळला पाहिजे.

येथे आंबेडकरी अभ्यासकाला थांबावे लागते. १९४२ ते १९४६ या काळात बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते आणि पाटबंधारे व वीज ही खातीही त्यांच्याकडे होती. ऑक्टोबर १९४३ मध्ये वीजविषयक धोरण समितीसमोर त्यांनी मांडले की, शेतीवर पडलेला माणसांचा अतिरिक्त भार उतरवायचा तर उद्योगधंदे वाढले पाहिजेत आणि त्यासाठी वीज स्वस्त व मुबलक असली पाहिजे. ज्यांना गावाने जमीनच दिली नाही, त्यांच्या मुक्तीचा एक मार्ग त्या तारांमधून जात होता. तेव्हा विजेची टंचाई निर्माण करणारी मर्यादा आम्हांला मान्य होणार नाही. कंदिलाखाली अभ्यास केलेल्या आणि पुढे भारनियमनाच्या वर्षांत शिकवलेल्या माणसाला हे निराळे सांगावे लागत नाही.

परंतु बाबासाहेबांची मागणी विजेची होती, कोळशाची नव्हे. डिसेंबर १९४३ मध्ये ते धनबादच्या कोळसाक्षेत्रात गेले, खाणीत उतरले आणि मजुरांची घरे त्यांनी डोळ्यांनी पाहिली. लगेच १९४४ च्या प्रारंभी कोळशावर उपकर बसवून खाणकामगार कल्याण निधी उभारण्यात आला. जो कोळसा विकतो, त्याने कोळशापायी सोसणाऱ्यांसाठी काही द्यावे, असे हे तत्त्व होते.

सहासष्ट वर्षांनी, २०१० मध्ये, देशाने पुन्हा कोळशावर उपकर लावला. यावेळी तो स्वच्छ ऊर्जेसाठी होता. टनामागे ५० रुपयांपासून तो २०१६ पर्यंत ४०० रुपयांवर गेला. पुढे वस्तू व सेवा कराच्या रचनेत ती रक्कम राज्यांच्या भरपाईकडे वळली आणि २०२५ मध्ये तो उपकरच संपुष्टात आला. कोळशावरील सर्वसाधारण कर वाढवला गेला. परंतु पैशावर लिहिलेला हेतू पुसला गेला. आम्हांला खंत आहे ती याची.

मर्यादेला विरोध करणारे एक सबळ कारण देतात. ब्रिटनने १८८२ मध्ये लंडनला कोळशाचे पहिले सार्वजनिक वीजकेंद्र काढले आणि शेवटचे बंद केले ते थेट सप्टेंबर २०२४ मध्ये. एकशे बेचाळीस वर्षे जाळून झाल्यावर त्यांनी आपल्याला शिकवू नये. अमेरिकन माणसामागे वर्षाला सुमारे चौदा टन, तर भारतीयामागे सुमारे दोन टन कार्बन डायऑक्साइड पडतो. हे सारे खरे आहे. पण ही सरासरी कोणाची? वरळीच्या मनोऱ्यातील वातानुकूलित घर आणि मुरबाडच्या डोंगरातील कातकरी पाडा एकत्र मिळवून ती काढली आहे. जगासमोर गरिबाची आकडेवारी दाखवायची आणि देशात त्याच्या वाट्याला राख, उकाडा आणि कापलेल्या भातावर पडणारा अवकाळी पाऊस ठेवायचा, हा न्याय नव्हे.

म्हणून आमचे मत असे की मर्यादा हवी आणि ती कायद्याने हवी. नवी कोळसा केंद्रे थांबावीत, जुनी क्रमाने बंद व्हावीत. लहान ग्राहकाचा दर मात्र वाढता कामा नये. सूर्य मावळल्यावर काय, या शंकेचे एक उत्तर आपल्याच तालुक्यात चोंढ्याला आहे. घाटघर प्रकल्पात मागणी कमी असताना पाणी वरच्या जलाशयात चढवतात आणि गरज पडली की खाली सोडून २५० मेगावॉट वीज घेतात. चढवायला अधिक वीज लागते, ही त्याची किंमत आहे. ती मोजूनच हे करावे लागेल.

राहिला रोजगार. वीज मंडळ आणि सरकारी कोळसा खाणी येथील आरक्षित नोकऱ्यांवर विदर्भातील आणि इकडचीही कितीतरी बौद्ध कुटुंबे उभी राहिली. सौरऊर्जा बहुतांशी खासगी कंपन्यांकडे आहे. तेथे आरक्षण नाही आणि काम कंत्राटी. औष्णिक केंद्रात नोकरीला असलेला आमचा एक माजी विद्यार्थी गेल्या मेळाव्यात म्हणाला, “सर, बंद करा म्हणता, हरकत नाही. पण माझ्या मुलाच्या अर्जावर जातीच्या दाखल्याचा रकाना राहील का, ते आधी विचारा.”