अपघातात दुखापत झाली तर : पहिल्या तासापासून सहा महिन्यांपर्यंत



सुरतेतल्या आपल्या मराठी घरांची गाडी वर्षातून दोन-चार वेळा तरी गावाकडे वळतेच. लग्नसराईत, आखाजीला, दिवाळीला बारडोली, व्यारा, सोनगड, नवापूर करत धुळे-जळगावकडे, नाहीतर वापी, तलासरीमार्गे मुंबईकडे.

दोन वर्षांपूर्वी साक्रीकडचे लग्न आटोपून आम्ही पती-पत्नी परत येत होतो. विसरवाडीच्या अलीकडे एका पिकअपने आमच्या मोटारीला बाजूने ठोकले. सौ.चे मनगट सुजले होते, पण चालत-बोलत होती. पिकअपवाल्याने हात जोडले, दोन हजार रुपये हातात कोंबले. आम्हीही "थोडक्यात वाचलो" म्हणून निघालो. गाडीचा नंबरसुद्धा टिपला नाही. दुसऱ्या दिवशी एक्स-रेमध्ये मनगट दोन ठिकाणी मोडलेले दिसले. ऑपरेशन झाले, प्लेट बसवली. आजही तिला पूर्वीसारखी भाकरी थापता येत नाही. बँकेत छत्तीस वर्षे आम्ही ग्राहकांना "कागद दाखवा" म्हणत आलो आणि त्या दिवशी आमच्याच हातात एकही कागद नव्हता. भरपाईचा प्रश्न तिथेच संपला. तुमच्यावर ही वेळ येऊ नये म्हणून हे लिहीत आहोत.

जागेवर

आधी माणूस, मग गाडी. १०८ वर रुग्णवाहिका आणि ११२ वर पोलीस मिळतात. हे दोन्ही क्रमांक गुजरात व महाराष्ट्र दोन्हीकडे चालतात. राष्ट्रीय महामार्गावर १०३३ हाही मदतीचा क्रमांक आहे. रक्त वाहत असेल तर स्वच्छ कापडाने दाबून धरावे. मानेला किंवा पाठीला मार असेल तर जखमीला ओढू नये. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी ओतू नये.

जखमीला मदत करणाऱ्याने पोलिसांना घाबरू नये. मोटार वाहन कायद्याच्या कलम १३४-अ नुसार मदत करणाऱ्याला संरक्षण आहे. नाव-पत्ता सांगण्याची त्याच्यावर सक्ती करता येत नाही.

मग मोबाइल काढा. दोन्ही गाड्यांचे नंबर, गाड्यांची जागा, रस्ता, समोरच्याचे लायसन्स व विम्याचा कागद यांचे फोटो घ्या. जवळच्या टपरीवाल्याचा फोन नंबर घ्या. आणि रस्त्यावर तडजोड करू नका. मुका मार वाटतो तो कधी हाड मोडलेले असते.

दवाखान्यात

डॉक्टरांना "वाहन अपघात" असे स्पष्ट सांगा व पोलीस केस म्हणून नोंद करवून घ्या. "घरात पडलो" असे चुकूनही सांगू नका. पहिल्या केसपेपरवर जे लिहिले जाते, तेच पुढे पुरावा ठरते.

५ मे २०२५ पासून केंद्र सरकारची रोकडरहित उपचार योजना लागू आहे. अपघाताच्या तारखेपासून सात दिवसांपर्यंत, नेमलेल्या रुग्णालयांत, प्रत्येक जखमीमागे दीड लाख रुपयांपर्यंतचा उपचार तिच्यातून मिळतो. भरती करतानाच त्याबद्दल विचारा.

पोलिसांत

आपला नेहमीचा प्रश्न असतो, फिर्याद कुठे द्यायची? नवापूरचे रेल्वे स्टेशन अर्धे गुजरातेत, अर्धे महाराष्ट्रात. अशा रस्त्यावर हद्दीचा घोळ होतोच. नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे दखलपात्र गुन्ह्याची खबर हद्द न पाहता कोणत्याही ठाण्यात देता येते. ते ठाणे पुढे योग्य ठिकाणी पाठवते.

४ सप्टेंबर २०२२ चा उद्योगपती सायरस मिस्त्री यांचा अपघात आठवा. गाडी धडकली पालघर जिल्ह्यात चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलावर, गुन्हा नोंदला कासा पोलीस ठाण्यात, आणि जखमींना आधी नेले ते गुजरातेतल्या वापीला. अपघात एका राज्यात आणि उपचार दुसऱ्या राज्यात, हे आपल्या रस्त्यावर कोणाच्याही बाबतीत होऊ शकते. म्हणून दोन्हीकडचे कागद जपावे लागतात.

धडक देणाऱ्या चालकाने जखमीला उपचार मिळवून देणे व २४ तासांत पोलिसांना कळवणे कायद्याने बंधनकारक आहे. पोलिसांनीही अपघाताचा पहिला अहवाल ४८ तासांत दावा न्यायाधिकरणाला द्यायचा असतो. फिर्यादीची प्रत आठवणीने मागून घ्या.

विमा

आपल्या विमा कंपनीला लगेच लेखी कळवा. भरपाईचा दावा समोरच्या वाहनाच्या थर्ड पार्टी विम्यावर होतो. चूक आपल्याच चालकाची असेल तर मात्र पॉलिसी कोणती आहे यावर बरेच अवलंबून असते. खासगी मोटारीत बसलेल्या घरच्यांना पॅकेज पॉलिसीत संरक्षण असते, नुसत्या थर्ड पार्टी पॉलिसीत ते धरून चालू नये. चार पैसे वाचवायला स्वस्त पॉलिसी घेणाऱ्यांनी आजच कपाटातला कागद काढून पाहावा. मालक स्वतः चालवत असेल तर त्याच्यासाठी १५ लाखांचे वैयक्तिक अपघात संरक्षण वेगळे असते. तेही घेतले आहे ना, तपासा.

धडक देऊन वाहन पळून गेले आणि त्याचा पत्ताच लागला नाही, तरी गंभीर जखमीला ५०,००० रुपये व मृताच्या वारसांना २ लाख रुपये मिळण्याची सरकारी योजना आहे. अर्ज अपघात झाला त्या तालुक्याच्या महसूल अधिकाऱ्याकडे करायचा. त्यासाठीही पोलिसांतली नोंद लागतेच.

दावा

१ एप्रिल २०२२ पासून लागू झालेल्या तरतुदीप्रमाणे दावा अपघातापासून सहा महिन्यांत दाखल करायचा असतो. "हात बरा होऊ दे, मग बघू" म्हणता म्हणता ही मुदत निघून जाते. अपघात धुळे जिल्ह्यात झाला तरी सुरतेत राहणाऱ्याला सुरतेच्या मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात दावा करता येतो. तारखांसाठी धुळ्याला खेटे घालावे लागत नाहीत.

भरपाई फक्त दवाखान्याच्या बिलाची नसते. बुडालेली कमाई, पुढचा उपचार, सोसलेल्या वेदना, कायमचे अपंगत्व हेही त्यात येते. सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये राजकुमार विरुद्ध अजयकुमार या निकालात सांगितले की, अपंगत्वाची टक्केवारी आणि कमाईतील घट एकच नव्हे. बोटे निकामी झालेला हिरे घासणारा कारागीर आणि टेबलावर बसून काम करणारा कारकून, दोघांचे नुकसान सारखे नाही. २०२१ मध्ये त्याच न्यायालयाने गृहिणीच्या कामाचेही पैशांत मोल धरले. म्हणून "तिची कुठे कमाई आहे" असे म्हणून घरच्या बाईचा दावा सोडू नका.

कारखान्यात, लूमवर रोख पगार घेणाऱ्यांनी तो शक्यतो बँक खात्यात घ्यावा. न्यायाधिकरणापुढे पासबुक बोलते. वकील "मिळेल त्यात इतके टक्के" म्हणाला तर नाही म्हणा, वकिलांच्या नियमांत ते बसत नाही. महिलांना व अल्प उत्पन्न गटाला जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो.

एक फाइल करा : फिर्याद, केसपेपर, एक्स-रे, प्रत्येक बिल, औषधाची चिठ्ठी, रिक्षाभाड्याची नोंद, रजेचा दाखला. आणि "पूर्ण व अंतिम" असे लिहिलेल्या कागदावर उपचार संपेपर्यंत सही करू नका.

पुढच्या वेळी गावाला निघताना मागच्या सीटवरचाही पट्टा लावा आणि विम्याची प्रत गाडीत ठेवा. त्या कागदाची गरज कधी न पडो, हीच प्रार्थना. पण पडलीच, तर तो हाताशी असावा.