सिंगापूर ते न्यूयॉर्क : अंतर एक, वाटा दोन

नियमित प्रवासी विमानसेवांमधला जगातला सर्वांत लांब टप्पा म्हणजे सिंगापूरचा चांगी विमानतळ ते न्यूयॉर्कचा जॉन एफ. केनेडी विमानतळ. सरळ अंतर सुमारे १५,३४९ किलोमीटर, म्हणजे मुंबई–सिंगापूर अंतराच्या जवळपास चौपट. उड्डाणाला साधारण साडेअठरा ते एकोणीस तास लागतात.

दोन्ही शहरांच्या रेखांशांत जवळजवळ १८० अंशांचा फरक आहे. त्यामुळे पृथ्वीच्या गोलावर सर्वांत जवळची रेषा ओढली, तर ती उत्तर ध्रुवाच्या अगदी शेजारून जाते. वैमानिक मात्र त्या रेषेला चिकटून राहत नाहीत. उंचावर पश्चिमेकडून पूर्वेकडे वेगवान वारे वाहतात. न्यूयॉर्कला जाताना विमान बहुधा पॅसिफिकवरून जातं आणि हे वारे पाठीशी घेतं. वाट लांबते, पण वेळ आणि इंधन वाचतं. परतीला वारा टाळण्यासाठी अनेकदा अटलांटिककडची वाट धरली जाते.

विमान एअरबस ए३५०-९०० यूएलआर. इंधनक्षमता सुमारे १ लाख ६५ हजार लिटर, आसनं फक्त १६१. साधा इकॉनॉमी वर्ग नाहीच. एवढे तास गुडघे दुमडून बसायचं म्हणजे शिक्षाच झाली असती!

घड्याळाची गंमत निराळी. न्यूयॉर्क उन्हाळ्यात सिंगापूरच्या १२ तास मागे असतं, हिवाळ्यात १३. मध्यरात्र उलटताच निघालेला प्रवासी त्याच तारखेच्या सकाळी उतरतो.