लहरी जनतेच्या, ताबा मूठभरांचा!

आपल्या घरातल्या टीव्हीवर दिसणाऱ्या वाहिन्या ज्या लहरींवरून येतात, त्या लहरींचा मालक कोण? वाहिनीचा शेठ? दिल्लीतले सरकार? या प्रश्नाचा निकाल सर्वोच्च न्यायालयाने ९ फेब्रुवारी १९९५ रोजीच लावला आहे. १९९३ च्या हिरो कप क्रिकेट सामन्यांच्या प्रक्षेपणावरून बंगाल क्रिकेट असोसिएशन आणि माहिती व प्रसारण मंत्रालय यांच्यात भांडण जुंपले होते. त्या खटल्यात न्यायालयाने सांगितले की, प्रक्षेपणाच्या लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे. प्रमुख निकालपत्र लिहिणारे न्या. पी. बी. सावंत हे चळवळीच्या वाचकांना वेगळे सांगायला नकोत.

निकालाचा एवढा भाग सगळेच सांगतात. दुसरा भाग मात्र सोयीस्करपणे गिळला जातो. समाजातील सर्व घटकांचे व हितसंबंधांचे प्रतिनिधित्व करणारे स्वतंत्र, स्वायत्त प्राधिकरण केंद्राने तातडीने स्थापन करावे आणि लहरींचे नियंत्रण त्याच्याकडे द्यावे, असा स्पष्ट आदेश त्यात आहे. सर्व घटकांचे प्रतिनिधित्व! तीस वर्षे उलटली, काँग्रेसची, तिसऱ्या आघाडीची, भाजपची अशी सर्व सरकारे आली नि गेली. ते प्राधिकरण काही जन्माला आले नाही.

त्याऐवजी काय आले? केबल टेलिव्हिजन नेटवर्क्स कायदा, १९९५ आला. १९९७ मध्ये दूरसंचारासाठी 'ट्राय' आली आणि जानेवारी २००४ मध्ये एका अधिसूचनेने केबल व प्रसारण तिच्या झोळीत टाकण्यात आले. परवानगी देणे वा काढून घेणे मात्र मंत्रालयाच्याच मुठीत राहिले. ट्रायच्या कायद्यातील कलम ४ वाचा. सदस्य होण्यासाठी दूरसंचार, उद्योग, वित्त, लेखा, कायदा, व्यवस्थापन किंवा ग्राहक व्यवहार यांचे ज्ञान हवे. सामाजिक प्रतिनिधित्वाचा त्यात मागमूस नाही.

प्रतिनिधित्व नसले की काय होते, ते एका उदाहरणावरून पाहू. केबल कंपनीने वाहिनी दाखवण्यासाठी वाहिनीकडून किती पैसे घ्यावेत, म्हणजे कॅरेज फी, याचे सूत्र ट्रायने २०१७ मध्ये ठरवले. साध्या वाहिनीला दर ग्राहकामागे महिन्याला जास्तीत जास्त २० पैसे. ऐकायला किरकोळ रक्कम. पण ज्या वाहिनीला त्या केबलचे २० टक्के वा अधिक ग्राहक घेतात, तिला फी शून्य. आणि जिला ५ टक्क्यांहून कमी ग्राहक आहेत, तिला सगळ्या ग्राहकांच्या संख्येवर पूर्ण फी! १० लाख ग्राहकांची केबल असेल तर महिना दोन लाख, तेही एकाच केबलचे. धनदांडग्याला फुकट, नवख्याला टोल. नागपुरातून उभ्या राहिलेल्या लॉर्ड बुद्धा, आवाज इंडिया यांसारख्या वाहिन्यांनी या बाजारात तग कसा धरायचा? १९२० साली 'मूकनायक'ची जाहिरात पैसे देऊनही छापायला 'केसरी'ने नकार दिला होता. आज तोंडावर नकार कुणी देत नाही, सरळ दरपत्रक दाखवतात.

वृत्तवाहिन्यांच्या आत कोण बसले आहे, हेही गुपित नाही. ऑक्सफॅम व न्यूजलॉन्ड्री यांच्या २०१९ च्या पाहणीत वृत्तपत्रे, वाहिन्या, नियतकालिके व संकेतस्थळे मिळून नेतृत्वाच्या १२१ जागा तपासल्या. त्यांपैकी १०६ उच्चवर्णीयांकडे, अनुसूचित जाती-जमातींकडे एकही नाही.

यावर 'सरकारने वाहिन्यांना वेसण घालावी' अशी मागणी आपल्यातील काही मित्र करतात. मी तिच्याशी सहमत नाही. जानेवारी २०२२ मध्ये मल्याळम 'मीडिया वन' वाहिनी सुरक्षेचे कारण देऊन बंद केली गेली. कारणे न्यायालयाला बंद लिफाफ्यात, वाहिनीला काहीच नाही. ५ एप्रिल २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो आदेश रद्द केला, म्हणून ती वाचली. अशी वेसण उद्या पहिल्यांदा कुणाच्या नाकात जाईल, हे आंबेडकरी माणसाला सांगावे लागू नये.

मग हाताशी काय आहे? नोव्हेंबर २०२२ च्या केंद्राच्या मार्गदर्शक तत्त्वांनी वाहिन्यांवर रोज किमान ३० मिनिटे राष्ट्रीय महत्त्वाचा व सामाजिक आशय दाखवण्याची अट घातली (खेळ, वन्यजीव व विदेशी वाहिन्या वगळून). त्यामागचे कारणही लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, हेच दिले. आठ विषय सुचवले. शिक्षण, शेती, आरोग्य यांच्याबरोबर 'दुर्बल घटकांचे कल्याण' हाही त्यात आहे. जानेवारी २०२३ च्या सूचनेनुसार मध्यरात्र ते सकाळी सहा हा वेळ धरायचा नाही, जाहिराती मोजायच्या नाहीत आणि मासिक अहवाल मंत्रालयाच्या पोर्टलवर द्यायचा. पळवाट मोठी आहे. आठांपैकी कोणता विषय, हे वाहिनीच ठरवणार. आरोग्याच्या नावाखाली रोज योगासने दाखवली तरी कागदावर अट पूर्ण! 'दलित' शब्द वापरू नका, ही सूचना मंत्रालयाने ऑगस्ट २०१८ मध्ये नागपूर खंडपीठाच्या निर्देशाचा हवाला देऊन सर्व वाहिन्यांना धाडली होती. शब्दाची एवढी काळजी करणाऱ्यांना त्या माणसांसाठी किती मिनिटे दिली, हे विचारायला हरकत नसावी.

ते विचारण्याचे साधन आपल्याकडे आहे. माहिती अधिकार कायद्याखाली माहिती व प्रसारण मंत्रालयाकडे दहा रुपयांत अर्ज करता येतो. कलम ७(१) प्रमाणे तीस दिवसांत उत्तर बंधनकारक आहे. अमुक मराठी वाहिनीने अमुक महिन्यात दुर्बल घटकांच्या विषयावर किती मिनिटे दाखवल्याचे कळवले, कोणत्या कार्यक्रमात, कोणत्या वेळी, एवढेच विचारा. आणि एखाद्या कार्यक्रमात समाजाची बदनामी झाली तर केबल नियम ६(१)(सी) चा हवाला देऊन वाहिनीकडे लेखी तक्रार करा. २०२१ च्या दुरुस्तीप्रमाणे पोच २४ तासांत, निकाल १५ दिवसांत. तो पटला नाही तर पुढच्या १५ दिवसांत स्वयंनियमन संस्थेकडे अपील, त्यानंतर केंद्राकडे. कार्यक्रमाची तारीख, वेळ लिहून ठेवा नि रेकॉर्डिंग जपून ठेवा. त्याशिवाय तक्रार उभी राहत नाही. प्रत्येक जिल्ह्यातील आपल्या दोन-तीन तरुण वकिलांनी महिन्याला एक अर्ज टाकायचे ठरवले, तरी वर्षभरात आपल्या हाती आपला आकडा येईल. प्राधिकरणाची मागणी घेऊन न्यायालयात जायचे तर तो आकडा याचिकेला जोडावाच लागेल.