जुन्या फ्रेमचे वय ब्रेकपाशी शोधा

जुन्या रेसिंग सायकलचे साल ठरवताना बहुतेक संग्राहक आधी रंग पाहतात, मग स्टिकर, मग गिअरवरचे नाव. या तिन्ही गोष्टी बदलता येतात. रेनॉल्ड्स ५३१ ही नळी १९३५पासून अनेक दशके बनत राहिली. त्यामुळे तिचे स्टिकर अस्सल असले तरी साल सांगत नाही. ब्रेकसाठी केलेली सोय मात्र फ्रेमच्या धातूतच असते. म्हणून १९५० ते १९८५ या काळातल्या युरोपीय फ्रेमची पहिली साक्ष तिथून काढावी, असे माझे मत आहे.

पुढचा ब्रेक चिमट्याच्या माथ्यावर बसतो, मागचा सीटखालच्या दोन तिरक्या नळ्या जोडणाऱ्या आडव्या पुलावर; दोन्हीकडे बोल्ट ६ मिमीचा. सत्तरचे दशक सरत येईपर्यंत तो आरपार जाई आणि पलीकडे १० मिमीच्या पान्याने आवळायचा षटकोनी नट उघडा दिसे. नंतर नट भोकात दडला. नटाच्या बाजूचे भोक ८ मिमीचे झाले आणि आवळायला ५ मिमीची एलन की लागू लागली. याहून बोलके आहे ते पुलापासून रिमपर्यंतचे अंतर. ब्रिटिश क्लबांतली २७ इंची रिम टायर बसतो तिथे ६३० मिमी व्यासाची, ७००सी रिम ६२२ची. म्हणजे त्रिज्येत ४ मिमीचा फरक. शर्यतीला एक चाक आणि सरावाला दुसरे लावणाऱ्याला दोन्हींवर पोहोचणारा ब्रेक हवा असे. माफाक किंवा वाइनमन यांच्या मधून ओढल्या जाणाऱ्या ब्रेकचे लांब हात हे सहज करत, वर मडगार्डलाही जागा ठेवत. कांपान्योलोने साठच्या दशकाअखेर बाजूने ओढला जाणारा रेकॉर्ड ब्रेक आणला आणि शर्यतीच्या सायकलींत आखूड हातांचे महत्त्व वाढले. आखूड हात कमी वाकतो, पकड घट्ट येते. पूल टायरकडे सरकला, मडगार्ड गेले.

यावर पहिला आक्षेप असा की भोक कोणीही मोठे करू शकतो. खरे आहे, आणि अनेकांनी केलेही. पण मुळातच दडलेल्या नटासाठी घडवलेल्या पुलात बहुधा आडवी पुंगळी झाळलेली असते. नंतर पोखरलेल्या पुलात नळीची पातळ भिंत तेवढी दिसते. शिवाय भोक वाढवता येते, पण पुलाची उंची बदलायची तर तो कापून पुन्हा झाळावा लागतो. चिमटा बदललेला असू शकतो, म्हणून पुढचे आणि मागचे अंतर ताडून पाहावे. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: सगळ्या कारागिरांनी एकाच वर्षी पद्धत बदलली नाही. वरच्या दांड्यावर केबलसाठी क्रोमच्या पट्ट्या आवळायच्या की कड्या झाळायच्या, यावरही मतभेद होते. मधोमध पातळ असलेल्या नळीला आच लावायला कित्येक जण कचरत. तेव्हा ब्रेकवरून नेमके साल मिळणार नाही, पाच-सात वर्षांचा पट्टा मिळेल. स्टिकर तेवढेही देत नाही.

इटलीतल्या गायोले इन कियांती इथे १९९७पासून भरणाऱ्या लेरोइका या जुन्या सायकलींच्या फेरीत १९८७पर्यंतच्या सायकली चालतात, आणि ब्रेकच्या केबली हँडलवरून उघड्या गेलेल्या असाव्या लागतात. अशा सायकलींना आता भाव आहे, म्हणजे बनावटीलाही. विक्रेता ब्रेक उतरवून भोक पाहू देत नसेल, तर त्याने सांगितलेल्या सालाचे पैसे देऊ नका.