बाळ अमेरिकेत जन्मलं, तर ते नागरिक कुठलं?

आनेकल तालुक्यातल्या इलेक्ट्रॉनिक सिटीत नोकरी करणाऱ्या मराठी घरांत एक गोष्ट हमखास दिसते. कुणाचा भाऊ, कुणाची नणंद कंपनीच्या कामासाठी अमेरिकेत असते. तिकडे बाळ होणार म्हटलं की इकडे आजीची धावपळ सुरू : डिंकाचे लाडू, व्हिसा, तिकीट. २०२५ मध्ये त्यात एका काळजीची भर पडली. बाळाला पासपोर्ट कुठला मिळणार?

प्रश्न आला कुठून?

२० जानेवारी २०२५ रोजी, शपथ घेतली त्याच दिवशी, डोनाल्ड ट्रम्प यांनी एका आदेशावर सही केली. आईचा मुक्काम बेकायदा किंवा तात्पुरता असेल आणि वडील अमेरिकन नागरिक किंवा ग्रीन कार्डधारक नसतील, तर बाळाला जन्माने नागरिकत्व नाही. एच-वन बी व्हिसा कायद्याने तात्पुरताच. म्हणजे वर्षानुवर्षं तिथे कर भरून ग्रीन कार्डच्या रांगेत उभं असलेलं आपलं जोडपंही त्यात आलं!

राज्यघटना काय सांगते?

अमेरिकेत जन्मलेली आणि तिथल्या अधिकारक्षेत्रात असलेली व्यक्ती नागरिक आहे, असं १८६८ ची १४ वी घटनादुरुस्ती म्हणते. गुलामगिरीतून सुटलेल्यांना हक्क मिळावा म्हणून ती झाली. १८९८ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत जन्मलेल्या वोंग किम आर्क यांचा खटला गाजला. त्यांचे आईवडील चिनी होते, तरी ते अमेरिकन नागरिकच, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने दिला. आता सरकारचं म्हणणं असं, की ‘अधिकारक्षेत्र’ या शब्दात तात्पुरते राहणारे येत नाहीत.

कोर्टात काय घडलं?

तीनच दिवसांत सिएटलच्या न्यायाधीशांनी आदेश रोखला. २७ जून २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ६ विरुद्ध ३ मतांनी सांगितलं, की खालच्या कोर्टांनी सरसकट देशभर स्थगिती देऊ नये. नागरिकत्वाच्या मूळ प्रश्नाला मात्र हात लावला नाही. मग १० जुलैला न्यू हॅम्पशायरच्या कोर्टाने अशा सगळ्या बाळांचा एक गट मानून त्यांना संरक्षण दिलं. डिसेंबरमध्ये मूळ प्रश्न सर्वोच्च न्यायालयाने सुनावणीसाठी घेतला.

आणि आपल्याकडे?

ट्रम्पना नावं ठेवण्याआधी हेही बघा. भारतात १ जुलै १९८७ पूर्वी नुसता जन्म पुरेसा होता. त्यानंतर आईवडिलांपैकी एक भारतीय असणं आवश्यक झालं, आणि ३ डिसेंबर २००४ पासून नियम आणखी कडक झाले. पण आपल्याकडे हा बदल संसदेने कायदा करून केला. घटनेच्या कलम ११ ने तिला तो अधिकार दिला आहे. अमेरिकेत हा हक्क घटनेतच लिहिलेला आहे. घटनेत लिहिलेलं एका सहीने बदलता येतं का? खरा वाद हाच आहे.

तुमच्या घरी असं बाळ येणार असेल तर एक लक्षात ठेवा. बाळाला भारतीय नागरिक करायचं असेल, तर वर्षाच्या आत भारतीय वकिलातीत जन्माची नोंद करावी लागते, आणि त्याच्याकडे दुसऱ्या देशाचा पासपोर्ट नाही असं लिहून द्यावं लागतं. दोन्ही देशांचे पासपोर्ट एकदम ठेवता येत नाहीत. त्यामुळे लाडवांच्या डब्याबरोबर हा विषयही आजच्या व्हिडिओ कॉलवर काढा. जन्माचा दाखला मात्र पहिल्याच आठवड्यात मागून घ्या. पासपोर्ट कुठलाही असो, तो लागणारच आहे.